पेनड्राइव्ह भरून राह्यला

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं आमचं किन्हीराजा हे जुन्या नागपूर–औरंगाबाद महामार्गावरचं गाव. वेगाशी आमचा संबंध तसा जुना. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहतो आणि वेग आमच्या समोरून निघून जातो. आता तर समृद्धी महामार्गही आमच्याच तालुक्यातून गेला. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हे ७०१ किलोमीटर आठ तासांवर आलं. ताशी १२० ची परवानगी आहे.

या एवढ्या वेगवान तालुक्यात एका लग्नाची शूटिंग कम्प्युटरमधून पेनड्राइव्हमध्ये जायला तीन तास वीस मिनिटं लागतात. अंतर म्हणाल तर वीतभर. हिशेब सरळ आहे. हळद, लग्न, वरात आणि सत्यनारायण मिळून ६० जीबी. पेनड्राइव्ह सेकंदाला घेतो ५ एमबी. झाले बारा हजार सेकंद. तेवढ्या वेळात समृद्धीवरची गाडी सगळे नियम पाळून ४०० किलोमीटर जाते. आमची फाइल वीतभर जाते, आणि तीही गेली की नाही हे घरी जाऊन टीव्हीला लावल्याशिवाय कळत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर मे महिन्यात गावातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत जाऊन बसावं. स्टुडिओ म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा, मोबाईल रिचार्ज आणि या सगळ्यातून वेळ उरलाच तर फोटो. वर टिनं, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये एक पंखा. खुर्च्यांवर जी मंडळी बसलेली असतात त्यांतल्या प्रत्येकाच्या मुठीत एकेक पेनड्राइव्ह असतो. नवरदेवाच्या मामांना शूटिंग हवी असते. डीजेवाल्या पोराला संध्याकाळच्या वरातीची गाणी हवी असतात. भजनी मंडळाच्या बुवांना सप्ताहातलं काल्याचं कीर्तन हवं असतं. एका काकांना ट्रॅक्टरच्या टेपसाठी 'काहीबी चांगलं' हवं असतं. आणि स्टुडिओवाला पोरगा स्क्रीनकडे बघत बसलेला असतो. गेल्या वीस वर्षांत या धंद्याने त्याला हेच एक काम नव्याने दिलं.

"काहून रे, झालं नाई का अजून?"

"भरून राह्यला मामा. तेहतीस टक्के झालं."

"मघाशीबी तेहतीसच होतं ना बे!"

"बसा ना मामा. च्या सांगतो."

मामा बसतात. पण नुसतं बसणं हा आमच्याकडच्या माणसाचा स्वभाव नाही. पुढ्यात एखादी वस्तू अडून बसलेली दिसली की प्रत्येकाला इलाज सुचतो, मग ती म्हैस असो, मोटारपंप असो की पेनड्राइव्ह. पहिला इलाज फुंकर. पेनड्राइव्ह काढून त्याच्या तोंडात जोरात फुंकायचं आणि शर्टाला पुसून परत लावायचा. दुसरा इलाज 'लोड'चा. कम्प्युटरला करंट कमी पडून राह्यला म्हणून पंखा बंद करायचा. मे महिन्यात, टिनाखाली. पंखा बंद झाल्यावर पेनड्राइव्हचा वेग आणखी कमी होतो, कारण आतली चिप फार तापली की स्वतःला वाचवायला काम मंद करते. तेवढी अक्कल खुर्च्यांवर बसलेल्यांत कोणी दाखवत नाही, सगळे घाम पुसत तिथेच बसून राहतात.

तिसरा इलाज राष्ट्रीय आहे. रिफ्रेश. उजवं बटन, रिफ्रेश, उजवं बटन, रिफ्रेश. एमएससीआयटी झालेल्या कुठल्याही माणसाच्या हातात माऊस द्या आणि बाजूला व्हा. तो आधी पाचसहा वेळा रिफ्रेश मारेल आणि मगच काय काम होतं ते विचारेल. रिफ्रेशने कम्प्युटर फक्त एवढंच करतो की समोरच्या चित्रांची यादी पुन्हा एकदा वाचून दाखवतो. त्याने कॉपी एका बाइटनेही पुढे सरकत नाही. पण बोटांना काम मिळतं, आणि नवरदेवाच्या मामांना वाटतं की पोरगा काहीतरी करून राह्यला.

आता खरं दुखणं कुठे आहे ते पाहू. ते एका ठिकाणी नाही, म्हणूनच सापडत नाही.

सुरुवात भोकापासून. पेनड्राइव्ह लावताना तो पहिल्यांदा जात नाही, उलटा केला तर तसाही जात नाही, आणि परत पहिल्यासारखा केला की मुकाट जातो, हा जगभरचा अनुभव आहे. ज्यांच्या पुढाकाराने हे यूएसबीचं भोक जन्माला आलं ते इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९६ साली यूएसबी आलं. दोन्ही बाजूंनी जाईल असं भोक तेव्हा का केलं नाही, यावर त्यांनी पुढे सांगितलं की त्यासाठी तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्चही वाढला असता. म्हणजे काटकसर. २००९ मध्ये इंटेलने याच भट्टांना एखाद्या सिनेनटासारखं मिरवणारी जाहिरात काढली, तिच्यातही भट्टांच्या जागी नटच उभा केला होता.

बडोद्यावरून आठवलं म्हणून सांगतो. ज्या सयाजीरावांच्या नावाचं ते विद्यापीठ, ते जन्माने मालेगाव तालुक्यातलेच. गाव कौळाणे. फक्त ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं. आम्ही वाशीमच्या मालेगाववाल्यांनी आयुष्यभर 'ते नव्हे, हे' असं सांगत फिरायचं असतं. मागवलेली वस्तू नाशिकच्या मालेगावचं दर्शन घेऊन येते तेव्हा पेनड्राइव्हच्या वेगाबद्दल तक्रार करायला तोंड राहत नाही.

तर भोक. सीपीयूच्या पुढच्या बाजूला जी भोकं असतात ती जुन्या मशीनमध्ये बहुधा यूएसबी २ ची, काळी किंवा पांढरी. मागच्या बाजूला एखाददुसरं निळं असतं, ते यूएसबी ३. पहिलं २००० सालचं, दुसरं २००८ चं. कागदावर दोघांच्या वेगात दहापट फरक आहे. पण निळ्या भोकापर्यंत पोचायचं तर सीपीयू टेबलाच्या खोक्यातून ओढावा लागतो, त्याआधी लॅमिनेशनचं मशीन उचलावं लागतं, त्याआधी मशीनवरचा गणपतीचा फोटो, आणि फोटोसमोरची अगरबत्ती विझायची वाट पाहावी लागते. म्हणून निळं भोक वर्षानुवर्षं तसंच कोरं राहतं आणि पुढच्या काळ्या भोकावर सगळ्या गावाचा भार पडतो. त्यातही त्याला चार तोंडांचं एक हब लावलेलं असतं. माऊस, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि मामांचा पेनड्राइव्ह, असे चौघे त्या एकाच तोंडाने पाणी पितात.

बरं, निळं भोक सापडलं तरी एक गंमत शिल्लक राहते. यूएसबी ३ च्या पेनड्राइव्हला नऊ पट्ट्या असतात, चार जुन्या आणि पाच नव्या. आत जाताना आधी जुन्या चार टेकतात, मग नव्या पाच. तुम्ही फार जपून, हळूहळू सरकवत लावलात तर जुन्या चार टेकताक्षणी कम्प्युटर समजतो की हा जुना गडी आहे, आणि त्याच्याशी जुन्याच वेगाने बोलू लागतो. काढून एका झटक्यात लावला की ओळख नव्याने होते. घरात ज्यांना 'वस्तू जपून वापर' असं शिकवलं, त्यांचेच पेनड्राइव्ह हळू चालण्याची शक्यता यात आहे. आमचा डीजेवाला पोरगा कुठलीही वस्तू आदळल्याशिवाय लावत नाही, त्याची गाणी नेहमी लवकर भरतात. तो याचं श्रेय आपल्या हातगुणाला देतो, आणि यावेळी त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

मग येतो आकड्यांचा घोळ. यूएसबी २ चा वेग सेकंदाला ४८० असं छापलेलं असतं. ते ४८० मेगाबिट. बाइट करायचे तर आठने भागायचं. राहिले ६०. त्यातूनही देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता हातात पडतात तीस-चाळीस एमबी. इथवर कुणाची हरकत नाही, बाजारातही भाव आणि हातात पडलेले पैसे यांत फरक असतोच. पण पाकिटावर जो मोठ्या अक्षरात १०० किंवा १५० लिहिलेला असतो, तो वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा वेग पाकिटावर शोधून सापडत नाही. आणि मामांना तर लिहूनच हवं आहे.

वाचण्यापेक्षा लिहिणं इतकं जड का, याचं कारण त्या चिपच्या घडणीत आहे. या प्रकारची मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८७ मध्ये तिचं आजच्या पेनड्राइव्हमधलं रूप जगापुढे आलं. तिच्यात वाचताना फक्त विजेची पातळी तपासायची असते. लिहिताना मात्र बारीकबारीक कप्प्यांत विजेचे कण ढकलून बसवावे लागतात, बसले की नाही ते बघावं लागतं, नाही बसले तर परत ढकलावे लागतात. शिवाय लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी पुसायचं. पुसताना चार ओळी पुसता येत नाहीत, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. म्हणून त्या ब्लॉकमधला जो मजकूर ठेवायचा आहे तो आधी दुसरीकडे हलवायचा, मग पुसायचं, मग लिहायचं. जुनं लग्न अर्धवट डिलीट करून त्याच पेनड्राइव्हमध्ये नवं लग्न भरायला सांगणारे पाहुणे असतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि स्वस्तात जास्त जीबी द्यायचे म्हणून एकेका कप्प्यात तीनतीन बिट कोंबलेले असतात, त्यामुळे ढकलाढकलीला आणखी वेळ लागतो.

आता मामांचा सगळ्यात खरा प्रश्न.

"सुरुवातीले तं पयत होता ना! मंग काय झालं त्याले?"

पळत होता, हे खरं आहे. विंडोज ८ पासून कॉपीच्या खिडकीत हिरवा आलेख दिसतो. सुरुवातीला तो टेकडीसारखा उंच असतो आणि मिनिटभरात धाडकन खाली येऊन जमिनीला चिकटतो. याचं उत्तर बाजार समितीत मिळेल. सोयाबीनच्या हंगामात सकाळी ओटा रिकामा असतो. पहिल्या दहा ट्रॉल्या आल्या आल्या रिकाम्या होतात, नुसता ढीग टाकायचा आणि निघायचं. शेतकरी खुश. पण ढिगांनी ओटा भरला की त्या मालाचं माप होऊन, पोती शिवून, तो गोदामात जाईपर्यंत नवी ट्रॉली आत घेता येत नाही. मग रांग रस्त्यापर्यंत येते. पेनड्राइव्हमध्येही असा ओटा असतो. थोडीशी जागा अशी राखलेली असते की तिथे कप्प्यात एकच बिट टाकायचा, भरभर. ती भरली की तिथला माल कोंबून आतल्या गोदामात नेणं आणि बाहेरून येणारा नवा माल घेणं ही दोन्ही कामं एकच हमाल करतो. आणि गाडीतच काही माल धरून ठेवावा तसं कम्प्युटरही आपल्या रॅममध्ये थोडा डाटा घेऊन 'झालं झालं' असं सांगतो. मामांनी जो पळता पेनड्राइव्ह पाहिला तो रिकामा ओटा होता. पेनड्राइव्हचा खरा वेग तेहतीस टक्क्यांनंतरचा आहे.

या आलेखाखाली 'इतका वेळ शिल्लक' असं जे लिहिलेलं येतं, ते स्टुडिओतलं सर्वात मोठं मनोरंजन. चार मिनिटं. मग एक तास दहा मिनिटं. मग एक दिवस. मग पंचवीस सेकंद. बिचारा कम्प्युटर करतो काय, आत्ता चाललेला वेग धरून उरलेल्या मालाला भाग देतो. मोठा व्हिडिओ चालू असताना भाग दिला तर वेळ कमी निघतो, बारीक फोटोंची रांग लागली की वेळ फुगतो. मामा मात्र तो आकडा जाहीर वचन मानतात. 'चार मिनिटं' दिसल्याबरोबर ते घरी फोन करून 'निंघतोच हाओ' असं सांगतात, आणि नंतर जो काय घरचा फोन येतो तो स्टुडिओवाल्या पोराला द्यावा लागतो.

बारीक फोटोंचं दुखणं वेगळंच आहे. दहा जीबीचा एक व्हिडिओ आणि दहा जीबीचे तीन हजार फोटो यांचं वजन सारखं, पण फोटोंना वेळ कितीतरी जास्त. कारण प्रत्येक फाइलमागे पेनड्राइव्हच्या वहीत तिचं नाव, आकार, तारीख, कुठल्या खोलीत उतरली ते लिहावं लागतं, आणि ती वहीही त्याच हळू चिपवर आहे. त्यात अँटिव्हायरस दारात उभा राहून प्रत्येक फाइलची झडती घेतो. उपाय आहे. सगळे फोटो झिप करून एकच गाठोडं करायचं. पण गाठोडं चार जीबीच्या वर गेलं की पेनड्राइव्ह म्हणतो, जागा आहे पण घेणार नाही. साठ जीबी रिकामे दिसत असतात आणि पाच जीबीची फाइल जात नाही, हे मामांना समजावणं म्हणजे रेशनच्या दुकानात समजावण्याइतकं कठीण. कारण पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉर्मेट केलेला असतो आणि तिच्यात एका फाइलला चार जीबीच्या वर परवानगीच नाही. एक्सएफएटीमध्ये फॉर्मेट मारला तर जाते. पण मग घरचा जुना टीव्ही तो पेनड्राइव्ह ओळखत नाही.

म्हणून आमच्याकडे लग्नाची शूटिंग भागाभागांत असते. पुष्कळदा कॅमेराच चार जीबी झाले की नवी फाइल सुरू करतो. त्याला पंचांग कळत नाही. एका लग्नात पहिला भाग भटजींनी 'शुभ मंगल' म्हणण्यावर संपला आणि दुसरा भाग सुरू झाला तेव्हा अक्षता पडून गेलेल्या होत्या, आणि मामा पंगतीत वांग्याची भाजी वाढत होते. लग्न लागलं की नाही याचा पुरावा दोन फाइलींच्या मधल्या फटीत आहे.

ट्रॅक्टरच्या टेपचंही तसंच. तिला एफएटी३२ च लागतं. शिवाय पुष्कळशा स्वस्त टेपा गाण्यांची नावं वाचत बसत नाहीत, ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. काकांनी 'आधी देवाचं, मंग बाकीचं' असं बजावलेलं असतं. पोरगा सगळी गाणी एकदम निवडून पेस्ट मारतो. मग पहाटे पेरणीला निघालेल्या ट्रॅक्टरवर सगळ्यात आधी काय वाजावं हे नशिबावर असतं. एकदा काकांची निघण्याची वेळ आणि मंदिरातला काकडा एकाच वेळी आले. त्याविषयी गावात अजून बोललं जातं.

व्हायरसचा विषय निघाला की आमच्याकडे सगळ्यांचे आवाज खाली येतात. पेनड्राइव्ह लावला, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, आत काही नाही, हा प्रसंग कोणाच्या ना कोणाच्या घरी घडलेला असतो. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा व्हायरस पेनड्राइव्हमधूनच पसरणारा होता. इराणच्या नतांझ इथल्या अणुप्रकल्पाचं नेटशी नातं तोडलेलं होतं, तरी तो आत पोचला आणि त्याने तिथली यंत्रं बिघडवली. डीजेवाल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तेच मी म्हणतो, माया पेनड्राइव्ह कोणाले देत नाई." त्याच्या गळ्यातल्या दोरीला जो पेनड्राइव्ह लटकलेला असतो त्याला जिल्ह्यातल्या निदान चाळीस मंडपांचं पाणी लागलेलं आहे.

शेवटचा घोटाळा 'झालं' म्हणण्याचा. शंभर टक्के झालं, खिडकी बंद झाली, मामांनी झडप घालून पेनड्राइव्ह उपटला आणि घरी गेल्यावर शेवटची फाइल उघडेना. कारण कम्प्युटरने रॅममध्ये धरलेला माल अजून उतरायचा होता. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने यात सुधारणा केली. 'क्विक रिमूव्हल' ही पद्धत मुळातच लावून ठेवली, म्हणजे माल धरून न ठेवता सरळ उतरवायचा. त्याने पेनड्राइव्ह उपटण्याचा धोका कमी झाला आणि कॉपी थोडी हळू वाटू लागली. ज्याला वेग हवा त्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'बेटर परफॉर्मन्स' लावावं, पण मग दरवेळी 'सेफली रिमूव्ह' करूनच काढावं. मामांच्या बाबतीत हा पर्याय शक्य नाही. आणि 'सेफली रिमूव्ह' केलं की 'डिव्हाइस अजून वापरात आहे' असं उत्तर येतं. कोण वापरून राह्यलं, ते सांगत नाही.

अधूनमधून कोणीतरी बाजारातून दोन टीबीचा पेनड्राइव्ह तीनशे रुपयांत घेऊन येतो. त्याच्यावर सगळं गाव जमतं. कम्प्युटरही दोन टीबी दाखवतो. आत चिप असते आठ-सोळा जीबीची, बाकीचं थापेबाज कंट्रोलर सांगतो म्हणून. भरताना तो अजिबात अडत नाही, कारण जागा संपल्यावर तो जुन्याच मालावर नवा टाकत जातो किंवा सरळ फेकून देतो. हा एकच पेनड्राइव्ह असा की ज्याच्या वेगाबद्दल कोणाची तक्रार नसते. जर्मनीच्या सीटी या कम्प्युटरच्या मासिकाने हे पकडायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाची छोटी प्रणाली केली आहे, फुकट मिळते. ती आधी पेनड्राइव्ह पूर्ण भरते आणि मग सगळं परत वाचून ताडून पाहते. अर्थात त्यालाही वेळ लागतो.

मग 'नेटवरून पाठवा ना' असं पुण्याहून आलेले पाहुणे म्हणतात. तर तोही हिशेब करू. भरलेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह खिशात घालून मामा किन्हीराजाहून मालेगावला जाणाऱ्या एसटीत बसले आणि अर्ध्या तासात पोचले, असं धरा. भागाकार केला तर एसटीचा वेग सेकंदाला २८४ मेगाबिट निघतो, तोही प्रत्येक थांब्यावर माणसं घेत घेत. आमच्या गावातलं कुठलंही नेट याच्या जवळ येत नाही. आणि तोच पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबीने भरला, म्हणजे ४० मेगाबिट. याचा अर्थ या सगळ्या प्रवासात एसटी ही सगळ्यात वेगवान गोष्ट आहे. आमच्या आजवरच्या मतांना धक्का देणारा निष्कर्ष आहे, पण गणित चुकत नाही.

असाच हिशेब दक्षिण आफ्रिकेत लोकांनी करून पाहिला. सप्टेंबर २००९ मध्ये तिथल्या एका कंपनीने नेटच्या वेगाला कंटाळून विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला चार जीबीचं मेमरी कार्ड बांधलं आणि हॉविकहून डर्बनला सोडलं. तेवढाच डाटा त्याच वेळी नेटवरून पाठवायला घेतला. कबूतर १ तास ८ मिनिटांत पोचलं. सगळं मिळून काम २ तास ७ मिनिटांत संपलं, आणि तोवर नेटवरून फक्त चार टक्के डाटा गेला होता. सगळ्या जगाने कबुतराचं कौतुक केलं, नेट कंपनीची थट्टा केली. माझं लक्ष मात्र मधल्या एका तासाकडे गेलं. कबूतर तर येऊन बसलं होतं. मग उरलेला जवळजवळ तासभर काय चाललं होतं? कार्डातून कम्प्युटरमध्ये कॉपी. डर्बनलाही कोणीतरी खुर्चीवर बसून 'झालं नाई का अजून' असं विचारत असणारच.

तेव्हा दोष स्टुडिओवाल्या पोराचा नाही, त्याच्या कम्प्युटरचाही फारसा नाही. दोष खरेदीच्या वेळचा आहे. पेनड्राइव्ह घेताना आपण 'किती जीबीचा' हा एकच प्रश्न विचारतो आणि जास्तीत जास्त जीबी कमीत कमी पैशांत मिळाले की जिंकल्यासारखे घरी येतो. म्हणून दुकानदाराला एक प्रश्न जास्तीचा विचारा: राइट स्पीड किती? तो आधी तुमच्याकडे बघेल, मग पाकीट उलटसुलट करेल, मग 'सगळे सारखेच येतात भाऊ' असं सांगेल. त्याला परत विचारा. लग्न मे महिन्यात असेल तर पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करून आणा, सकाळच्या उन्हाआधी आणा, निळ्या भोकात एका झटक्यात लावायला सांगा, आणि पंखा चालू राहू द्या.